कॅमेऱ्याचा टच ऐकत नाही, डायल उड्या मारते: सर्व्हिसला देण्याआधी काय बघायचं

लक्षणं आधी. यातलं तुमचं कुठलं ते ओळखा:

- स्क्रीनवर चित्र स्वच्छ दिसतं, पण बोट लावलं की काही होत नाही.
- बोट न लावताच मेनू उघडतो, फोटो पुढे सरकतात, कधी फोटोही निघतो.
- व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की फोकसचा चौकोन भलत्याच कोपऱ्यात पळतो.
- कॅमेरा छातीशी किंवा पोटाशी धरला की स्क्रीन काळी होते.
- डायल एकाच दिशेने फिरवली तरी आकडा पुढेमागे होतो. एफ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा) ५.६ वरून ६.३, परत ५.६, मग एकदम ८.
- बटण एकदा लागतं, तीनदा लागत नाही.
- टच आणि बटणं दोन्ही मुकी. मेनू उघडतच नाही.

आमच्या ओळखीत कुणाचा कॅमेरा रुसला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. मी काही शिकलेला मेकॅनिक नाही आणि स्क्रू-ड्रायव्हर जवळपास कधीच हातात घेत नाही. पण हीच सात लक्षणं इतक्या वेळा पाहिली आहेत की आता कॅमेरा पिशवीतून निघायच्या आत पहिला प्रश्न विचारून होतो. आणणारा मात्र निदान करूनच आलेला असतो: ‘टच गेलाय’ किंवा ‘बटण मेलंय’. त्यापाठोपाठ ‘जुनी बटणंच बरी होती’ हेही ठरलेलं. टच की बटणं हा वाद रंगतो छान. बिघाड शोधताना मात्र या दोघांना एकमेकांविरुद्ध साक्षीला उभं करायचं, आणि सुरुवात तिथूनच.

एका मिनिटाची साक्ष

मोड डायल ‘एम’ किंवा ‘पी’वर न्या आणि ती खटकन बसली आहे ना हे बघा. दोन मोडच्या मधे अडकलेली डायल स्वतःच निम्म्या तक्रारींचं मूळ असू शकते. पूर्ण ऑटोवर ठेवू नका, तिथे आयएसओ (कॅमेऱ्याने प्रकाशाला किती संवेदनशील राहायचं तो आकडा) तसाही हात लावू देत नाही. आता आयएसओ आधी स्क्रीनवर बोटाने बदला. मग तोच आयएसओ बटण आणि डायलने बदला.

दोन्हीकडून बदलला तर यंत्र ठीक आहे. एखादं सेटिंग तरी आडवं आलंय किंवा तुमचं नाक. (नाकाबद्दल पुढे लिहिलंय, गंमत नाही.) एकाच वाटेने बदलला तर बिघाड दुसऱ्या वाटेवर आहे, मग बाकीचा कॅमेरा चाचपत बसू नका. दोन्हीकडून नाही बदलला, तर घाबरायचं कारण उलट कमी. काच आणि बटणं हे वेगवेगळे भाग आहेत, ते एकाच दिवशी एकत्र क्वचितच मरतात. कॅमेरा दुसऱ्याच कशात तरी अडकून बसलाय.

कुलूप

बऱ्याच बॉडींवर (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) लॉकची खिटी किंवा बटण असतं आणि डायल, टच, जॉयस्टिक यातलं काय काय बंद करायचं ते मेनूतून ठरतं. काही फुजीफिल्म बॉडींवर मेनू/ओके बटण थोडा वेळ दाबून धरलं की मागची काही बटणं गप्प होतात. पिशवीत कोंबताना हे सहज घडतं. स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरमधे ‘एल’ अक्षर अथवा कुलपाचं छोटं चित्र दिसतंय का बघा. पाच सेकंदांचं काम आहे आणि पैसा लागत नाही, म्हणून पहिलं.

या मॉडेलमधे टच आहे तरी किती?

हे विचारायला लोकांना कमीपणा वाटतो, म्हणून मीच विचारतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात टच पहिल्यांदा आला तो २०१० साली, पॅनासॉनिक जी२ मधे. डीएसएलआरमधे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, २०१२ साली, कॅनन ६५०डी मधे. पण टच आला म्हणजे सगळीकडे आला असं नाही. सोनीच्या २०१८ च्या ए७ थ्रीमधे टच मुख्यतः फोकसचा बिंदू ठेवण्यापुरता आहे, मेनूत बोटाने फिरता येत नाही. २०२० च्या ए७एस थ्रीमधे मेनूलाही टच मिळाला. आधी नवी बॉडी वापरून मग जुनी हातात घेतलेला माणूस मेनूवर बोट आपटत राहतो आणि काच गेली म्हणतो. काच शाबूत असते.

मेनूत टच पूर्ण चालू, फक्त फोटो बघताना चालू, आणि बंद असे वेगवेगळे पर्याय असू शकतात. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ‘स्टँडर्ड’ आणि ‘सेन्सिटिव्ह’ असे दोन प्रकार दिसतील. जाड स्क्रीन गार्ड लावला असेल तर ‘सेन्सिटिव्ह’ करून बघा. गार्ड नसताना तेच सेटिंग राहिलं असेल, तर आपोआप होणाऱ्या टचचं कारणही तेच असू शकतं.

नाक

फोकसचा चौकोन पळतो या तक्रारीत माझा पहिला संशयित हा. आजच्या बऱ्याच मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरमधून बघतानाही मागची स्क्रीन लॅपटॉपच्या टचपॅडसारखी चालू राहते, म्हणजे अंगठ्याने फोकसचा बिंदू सरकवता यावा. काचेला अंगठा आणि नाक यातला फरक कळत नाही. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक स्क्रीनच्या डाव्या भागावर टेकतं आणि चौकोन डावीकडे जातो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक उजव्या भागावर.

पुरावा हवा असेल तर स्क्रीन बंद करून उजेडात तिरपी धरा. एकदा एकजण वैतागून आला, कॅमेरा नवाकोरा, ‘फोकस वेडा झालाय’ म्हणत. काच तिरपी केली तर डाव्या बाजूला रुपयाएवढा तेलकट गोल डाग, बरोबर नाकाच्या शेंड्याएवढा. मी बोट दाखवलं, त्याने नकळत स्वतःचं नाक पुसलं. पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

इलाज तीन, सोप्यापासून. टचपॅडचं क्षेत्र मेनूतून फक्त उजव्या अर्ध्यापुरतं किंवा उजव्या वरच्या कोपऱ्यापुरतं करा. उजव्या डोळ्याच्या लोकांचं काम बहुधा इथेच होतं. दुसरा, ‘अ‍ॅब्सोल्यूट’ऐवजी ‘रिलेटिव्ह’ निवडा. अ‍ॅब्सोल्यूटमधे जिथे टेकलं तिथे चौकोन उडी मारतो. रिलेटिव्हमधे घासत नेलं तरच सरकतो, त्यामुळे नुसतं टेकलेलं नाक फारसं नुकसान करत नाही. तिसरा, टचपॅड सरळ बंद करा आणि जॉयस्टिक वापरा. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांना मी थेट हाच सांगतो, कारण त्यांचं नाक आणि अंगठा एकाच जागेसाठी भांडतात. ज्या बॉडींचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे, तिथे उजव्या डोळ्याच्या माणसाचं नाक बॉडीच्या बाहेर जातं आणि हा प्रश्न जवळपास येतच नाही.

स्क्रीन काळी होते

व्ह्यूफाइंडरच्या खिडकीशेजारी छोटा सेन्सर असतो. समोर काहीतरी जवळ आलं की तो ‘डोळा आला’ असं धरतो, मागची स्क्रीन बंद करतो आणि चित्र व्ह्यूफाइंडरमधे पाठवतो. पट्टा, शर्ट, सुटलेला आयकप (खिडकीभोवतीचं रबर), सेन्सरवर बसलेला धुळीचा कण, यातलं काहीही त्याला डोळ्यासारखं वाटू शकतं. स्क्रीन काळी असताना व्ह्यूफाइंडरमधे डोकवा. तिथे चित्र असेल तर स्क्रीन जिवंत आहे. ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) फुंकर मारा, कोरड्या मऊ कापडाने पुसा, डिस्प्लेचं सेटिंग ‘फक्त व्ह्यूफाइंडर’वर गेलं नाही ना ते बघा. कॅमेरा कमरेशी धरून काम करायचं असेल तर तेवढ्यापुरतं ते ‘फक्त स्क्रीन’वर ठेवा.

आपोआप फोटो निघत असतील तर टच शटर चालू आहे. स्क्रीनच्या कडेला बोट आणि चौकोन असं छोटं चित्र असतं, त्यावर टेकून बंद करा. कार्डात स्वतःच्या गुडघ्याचे चाळीस फोटो सापडले असतील तर दुसरं कारण शोधू नका.

दोन्ही मुकी असतील तर: काढता येईल ते सगळं काढा

आधी वायरी. संगणकाला यूएसबीने जोडलेला कॅमेरा बऱ्याचदा स्वतःला नुसती फाइलींची पेटी समजतो आणि अंगावरची बटणं ऐकत नाही. फोनच्या अ‍ॅपला वायफायने जोडला असेल तरी काही मॉडेल असंच वागतात. सगळं तोडा, बंद करून पुन्हा चालू करा.

मग कार्ड. कार्डात लिहिणं चालू असल्याचा लाल दिवा मिनिटभर विझतच नसेल तर कॅमेरा कार्डाची वाट बघत थांबलाय आणि तोवर मेनू देत नाही. शक्य असेल तर थोडं थांबा, मग बंद करा, कार्ड काढा आणि कार्डाशिवाय चालू करून बघा. सगळं सुरळीत झालं तर दोषी कार्ड. आतले फोटो उतरवून घेतल्याशिवाय ते फॉरमॅट करू नका.

यानंतरचं कारण ओळखायला मला स्वतःला बराच वेळ लागला होता: अर्धवट दाबलेलं शटर. शटरचं बटण अर्धं दाबलं की कॅमेऱ्याच्या लेखी तुम्ही फोटोच्या तयारीत असता, म्हणून तो मेनू बाजूला ठेवतो आणि झोपीही जात नाही. आता बटणाच्या कडेला साखरेचं चिकट पेय, सनस्क्रीन किंवा वाळू गेली आणि ते अर्ध्यातच अडकलं, तर टचही मेल्यासारखा वाटतो आणि मेनूचं बटणही. खूण अशी की मेनू उघडून लगेच मिटतो, आकडे स्क्रीनवरून जात नाहीत, आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर संपते. रिमोटची वायर आतून शॉर्ट झाली तरी हुबेहूब हेच होतं, म्हणून आधी वायर उपटून बघा. वायर फेकून नवी घेणं बटण खोलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

काच आणि तिच्यावरचं सगळं

आजच्या स्क्रीन कपॅसिटिव्ह असतात. काचेखालच्या पारदर्शक जाळीतलं विद्युत क्षेत्र बोट जवळ आल्यावर किंचित बदलतं आणि कॅमेरा तो बदल मोजतो. दाबाचा इथे संबंधच नाही, त्यामुळे जोरात दाबून काही साधत नाही. साध्या हातमोज्यातलं बोट तिला दिसत नाही. पाण्याचा थेंब मात्र दिसतो. पावसात मेनू आपोआप नाचतो तो त्यामुळे. पावसात टच बंद करून बटणांवर जायचं, एवढाच उपाय, आणि तेवढ्यासाठी टच चालू-बंद एखाद्या बटणावर बसवून ठेवलेला बरा. काही जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची स्क्रीन रेझिस्टिव्ह असते. तिला दाब लागतो, नखही चालतं. बोट एकीकडे आणि परिणाम दुसरीकडे असं होत असेल तर मेनूत टच कॅलिब्रेशन आहे का शोधा.

काच मायक्रोफायबरने कोरडी पुसा. नाही भागलं तर स्क्रीन गार्ड काढा. अगदी नवा असला, काढवत नसला, तरी काढा. कोपरा उचललेला गार्ड, खाली शिरलेला ओलावा किंवा बुडबुडा यांनी टच मरतो तरी किंवा भुतासारखा आपोआप चालतो तरी. गार्ड काढल्यावर टच पूर्ववत झालेला पाहून दोन जणांनी माझ्यासमोर कपाळावर हात मारलाय.

चार्जर लावलेला असतानाच आपोआप टच होत असतील तर चार्जर बदला. हलक्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट ती नाजूक मोजणी बिघडवतो. बॅटरीवर चालवल्यावर त्रास थांबला की निदान झालं.

बॅटरी, रीसेट, फर्मवेअर

बॅटरी काढून दहा मिनिटं ठेवा, पूर्ण चार्ज केलेली घाला. मग सेटिंग कार्डावर जपून ठेवण्याची सोय असेल तर जपून घ्या आणि फॅक्टरी रीसेट करा. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, फक्त कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्यायचं आणि भरलेल्या बॅटरीवरच टाकायचं. अपडेट मधेच बॅटरी संपून तुटलं तर साधा बिघाड महागडा होतो. खरं सांगायचं तर रीसेटने बऱ्याचदा सुटतं, फर्मवेअरने क्वचित.

डायल उड्या मारते

इथून पुढे हात थोडे खराब होतात. डायलच्या आत दोन संपर्क एकामागून एक जुळतात-सुटतात. आधी कुठला जुळला त्यावरून कॅमेऱ्याला दिशा कळते. एका संपर्कावर धूळ बसली किंवा तो काळवंडला की एक ठोका निसटतो, क्रम चुकतो आणि पुढे फिरवलेलं मागे धरलं जातं. ५.६ आणि ६.३ मधली ती फुगडी याचीच. जी डायल महिनोन्महिने फिरवली जात नाही, तिच्यात हे जास्त होतं. सगळं टचवर करणाऱ्यांच्या डायली अशाच बिघडतात, हा माझा अनुभव.

बॅटरी काढा. डायलच्या फटीत ब्लोअरने हवा मारा. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा नको, त्यातून कधी द्रवही बाहेर पडतो. आता डायल पन्नास वेळा एका बाजूला, पन्नास वेळा दुसऱ्या बाजूला फिरवा, पटापट. घासून घासून संपर्क स्वतःच साफ होतात. मी हे गप्पा मारता मारता करतो. बॅटरी घालून तपासा. फरक पडला पण पुरता नाही, तर पुन्हा एकदा. काहीच फरक नाही, तर कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा लावून फटीच्या कडेने फिरवा आणि तास-दोन तास वाळू द्या. काडी ओली हवी, गळणारी नको. थेंब आत सोडायचा नाही. मूळचं वंगण धुऊन निघालं तर डायल खरखरीत होते. गंज सोडवणारे तेलकट स्प्रे अजिबात नकोत, ते आत पसरतात आणि पुढची धूळ धरून ठेवतात.

चिकट बटणालाही हीच काडी, बटणाच्या कडेने, आणि मग पंचवीस-तीस वेळा दाबा. बटणाचं किंवा ग्रिपचं रबर मऊ, चिकचिकीत झालं असेल तर ती घाण नसून रबरच विरघळलेलं असू शकतं. डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीईईटी असतं, ती प्लास्टिक आणि रबर खातात. तिथे पुसून काही होत नाही, भाग बदलावा लागतो.

इथे थांबा

फिरणारी स्क्रीन असेल तर ती बॉडीला चिकटवून, अर्धी उघडून आणि पूर्ण फिरवून, तिन्ही वेळा टच तपासा. एका कोनात चालतो, दुसऱ्यात जातो, असं असेल तर बिजागरीतून जाणारी चपटी फ्लेक्स केबल थकली आहे. वर लिहिलेलं काहीच इथे लागू नाही. जितकं उघडमीट करून बघाल तितकी ती लवकर तुटेल. स्क्रीन चालेल त्या कोनात सोडून द्या आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

खारं पाणी आत गेलं असेल तर चालू करून बघण्याचा मोह टाळा. बॅटरी आणि कार्ड काढा, त्याच दिवशी द्या. तांदळात पुरून मीठ बाहेर येत नाही. काच तडकली असेल, बॅटरी फुगली असेल किंवा बॉडी कुठे आपटल्यानंतर बटण आत गेलं असेल, तरीही तेच. वॉरंटी चालू असेल तर डायलवर अल्कोहोलसुद्धा लावू नका.

आणि बॉडी उघडू नका. अंगभूत फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात वीज साठवणारा कपॅसिटर असतो, तो ३०० व्होल्टच्या आसपास भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच काळ धरून राहतो. एका बटणासाठी तो झटका घेण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीला द्यायला आठवडा असेल तर तोवर मेलेल्या बटणाचं काम दुसऱ्या बटणावर बसवा. बहुतेक कॅमेऱ्यांत पुढच्या-मागच्या डायलींची कामं अदलाबदल करता येतात. उड्या मारणाऱ्या डायलकडे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो थोडा उजळ किंवा गडद करण्याचं सेटिंग) द्या आणि ते टचने बदला.

जाताना बिघाडाचा व्हिडिओ फोनवर काढून न्या, डायल फिरवणारं बोट आणि स्क्रीनवरचा आकडा एकाच फ्रेममधे येईल असा. काउंटरवर कॅमेरा ठेवला की डायल शहाण्यासारखी वागते. माझ्याच कॅमेऱ्याने असं दोनदा केलंय, तिसऱ्यांदा मी व्हिडिओ घेऊन गेलो.